राजगड आणि राहिलेले जेवण

भोरच्या वेशीतून बैलगाडी निघाली आणि भाटघरच्या पाण्याकडेने पश्चिमेला लागली, तेव्हा माझे मन बैलांच्या पुढे धावत होते. राजगड! महाराजांची पहिली राजधानी! सत्तरी उलटल्यावर तिथे पुन्हा जायला मिळत होते.

नुसता गड पाहायचा असता तर इतकी धाकधूक नसती. वीसेक वर्षांपूर्वी या गडावर मी एका मासिकात लिहिले होते. त्यात पायथ्याच्या वाडीविषयी एक वाक्य होते, 'इथल्या लोकांना आदरातिथ्य ठाऊक नाही, आम्ही उपाशी परतलो.' ते धडधडीत खोटे होते. वाडीतल्या ठकूबाईंनी मला पान वाढले होते. मी सोवळ्याचे निमित्त करून न जेवता उठलो आणि उपाशी पोटाचा राग कागदावर काढला. आता त्यांच्याच घरी जेवायचे, असे ठरवून निघालो होतो. त्या वाढतील की नाही, कोण जाणे.

भुतोंडे गावापुढे धुके फाटले आणि एकदम बालेकिल्ला दिसला. मी गाडीतच उभा राहिलो.

"बसा की काका, पडशाल!" गाडीवान ओरडला.

वाडीत ठकूबाई पडवीत वरई पाखडत होत्या. नाव सांगताच हातातले सूप थांबले.

"तुमीच व्हय त्ये? पोरीच्या सोयरिकीला पावन्यांनी वाचून दावलं आमाला. म्हनले, ही उपाशी धाडनारी वाडी!"

मला हे ठाऊक नव्हते.

"मीच तो. खोटे लिहिले. आज तुमच्याकडे जेवायला आलो आहे."

"आदी गड बगून या. मग बगू, वाडायचं का न्हाई."

वाट दाखवायला त्यांचा मुलगा धोंडिबा आला. "आईंचा राग गेला असेल का हो?" मी चढावर विचारले.

"त्ये म्या कसं सांगू? आमालाबी कळत न्हाई."

अळू दरवाजातून आत शिरलो आणि सगळे विसरलो. संजीवनी माचीचे ते चिलखती बुरूज (एका बुरुजाला बाहेरून दुसऱ्याचे कवच)! दोन तटांमधल्या बोळातून चालताना मी हाताने दगड चाचपत होतो. पद्मावती माचीवर तळे काठोकाठ भरलेले, भोवती घरांची जोती. इथे राजधानी नांदली, इथे मसलती झाल्या, बाळे रांगली. वहाणेचा अंगठा तुटला तो धोंडिबाने घायपाताच्या वाखाने बांधला, आणि हात धरून मला बालेकिल्ल्यावर नेले. तोरणा, सिंहगड, पुरंदर, आमचा रोहिडा, सगळे नजरेच्या एका फेऱ्यात! मी लहान मुलासारखा नावे ओरडत होतो.

"काका, हळू. गडाला ऐकू जातंय," धोंडिबा हसला.

उतरलो तेव्हा ठकूबाईंच्या अंगणात निम्मी वाडी जमली होती. घोंगडी अंथरलेली, पण समोर ताट नव्हते. मी बसलो.

"आज वाडलं, तर तुमचं लिवनं खोटं व्हईल की," ठकूबाई दारातून म्हणाल्या.

"व्हायलाच हवे, बाई."

"मग समद्यांम्होरं जेवा. साक्षी ऱ्हाऊ द्या."

नाचणीची भाकरी, घेवड्याची आमटी, वर लसणाचा ठेचा. पहिल्या घासाला ठसका लागला नि अंगण खदखदून हसले. मी दुसरी भाकरी मागितली.

"घ्या, घ्या! न्हाईतर लिवशाल, येकच दिली!"

निघताना मी सोयरिकीचे विचारले. "मोडली ती," त्या म्हणाल्या. "दुसरीकडं दिली पोर. सुखात हाय." त्यांनी तेवढेच सांगितले. मी मान खाली घातली.

भोरला परतताच हे लिहायला बसलो. ते जुने वाक्य वाचकांनी खोडून टाकावे. राजगडला जाल तर भुतोंड्याकडून जा, आणि शिदोरी नेऊ नका. वाडीत माझे नाव सांगितलेत, तर लोक आधी हसतील. मग वाढतील.