काठावरून शिकलेलं पोहणं

शिट्टी वाजली तेव्हा मी खोल बाजूच्या भिंतीला हात लावून परत वळले होते. पंचवीस मीटर झाले होते, पंचवीस राहिले होते. मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं. काठाचा दांडा धरला आणि वर पाहिलं. लेडीज बॅचच्या सात-आठ जणी खांद्यावर टॉवेल घेऊन उभ्या होत्या. त्यांच्यातल्या एक निवृत्त प्राध्यापिका पोहायला शिकवणाऱ्या सरांना अगदी शांतपणे विचारत होत्या, "अहो सर, हे पाणी बदलायचं म्हटलं तर किती दिवस लागतात?"

कुणीतरी हसलं. मोठ्यानं नाही. पुण्यात अशा वेळी मोठ्यानं हसत नाहीत.

सर म्हणाले, "बाहेर ये."

"सर, अर्धंच राहिलंय."

"बाहेर ये म्हटलं ना."

मी शिडीने वर आले. अंगावर जुन्या बाजारातून आणलेला कॉस्च्युम, गुडघ्यापर्यंतचा. तो पहिल्यांदाच चारचौघांत घातला होता. तेवढ्यात क्लबचे मॅनेजर आले. बायकांना म्हणाले, बॅच एक तास उशिरा सोडू. मग माझ्याकडे वळले. "तू ओली आहेसच. पावडर टाकून घे."

क्लोरीनची पावडर मी बादलीत कालवली. चारी बाजूंनी फिरून टाकली. मी जिथून पोहले होते त्या कडेला दोन मग जास्त टाकायला सांगितले, तेही टाकले. त्या सगळ्या बघत होत्या. कुणी माझा हात धरून हे करून घेतलं नाही. मी केलं. तेच मला अजून पचत नाही.

बिबवेवाडीतल्या या क्लबात मी सहा वर्षं साफसफाई केली. वय तेहतीस. पोरं मावशी म्हणतात. लागले त्या आठवड्यातच प्राध्यापिका बाईंनी मला नाव विचारलं होतं. सांगितलं. मग म्हणाल्या, "पूर्ण नाव गं." आडनाव सांगितल्यावर "बरं" म्हणाल्या. त्यानंतर त्या आपला टॉवेल माझ्या हातात कधी द्यायच्या नाहीत, बाकावर ठेवायच्या. जात कुणी काढत नाही इथे. आडनाव विचारतात, आणि मग पाण्याबद्दल बोलतात.

माझं काम काठाचं. वायपरने पाणी ओढायचं, न्हाणीघरं धुवायची, बाकं पुसायची. वायपर मारता मारता मी बघायचे. सहा वर्षं, दिवसाला चार बॅच. कोपर आधी बाहेर, मग हात. बोटं आधी पाण्यात. पाय कमरेतून मारायचा, गुडघ्यातून नाही. गुडघ्यातून मारणारे पाणी खूप उडवतात आणि जागच्या जागी राहतात. नवीन माणूस पाण्यात उतरला की तो कुठे चुकणार, हे मला सरांच्या आधी कळायचं. सांगणार कुणाला?

येरवड्याला घरी आले की मी कॉटवर पालथी पडायचे, छातीखाली उशी घ्यायचे आणि हात-पाय मारायचे. आई म्हणायची, "येडी झालीस का? पडशील खाली." आईनं आयुष्यभर लोकांचे जिने झाडले. माझी कंबर आत्ताच गेली आहे. वाकून फरशी पुसणं अजून किती वर्षं जमेल, माहीत नाही.

मग नोटीस लागली. लेडीज बॅचसाठी महिला लाइफगार्ड हवी. पन्नास मीटर सलग पोहून दाखवावे, पुढचे ट्रेनिंग क्लब देईल. मी ती नोटीस तीनदा वाचली. मला दुसरं काही नको होतं. खुर्चीवर बसून पाण्याकडे बघायचं. ते तर मी करतच होते.

सोमवारी टँक बंद असतो. साफसफाईला मी आणि गेटवर वॉचमनकाका. त्या सोमवारी मी सलवार-कमीजवर उथळ बाजूला उतरले. हात बरोबर, पाय बरोबर. पाणी मला धरत होतं. आठ हात मारले आणि छाती फुटायची वेळ आली. ठसकत उभी राहिले. पुन्हा मारले, पुन्हा आठ. पुढच्या सोमवारी तेच. मी भिंतीला डोकं टेकून रडले. सहा वर्षं बघितलं आणि पदरात आठ हात. सगळं बरोबर करत होते तर मरत का होते?

मंगळवारी काठाच्या फरशा घासायचं निमित्त केलं आणि गाल जवळजवळ पाण्याला लावून बघितलं. शेजारून एक बाई पोहत गेली. तिच्या नाकातोंडातून बुडबुडे येत होते. बुडबुडे मी रोज बघत होते. मला वाटायचं ते हातामुळे येतात. माणूस तोंड वळवून श्वास घेतो, एवढंच काठावरून दिसतं. तो श्वास पाण्याखाली सोडतो, हे उभ्या माणसाला दिसत नाही. मी प्रत्येक वेळी छाती भरून घेत होते आणि धरून ठेवत होते. पाण्यात उतरणाऱ्याला हे पहिल्याच दिवशी शिकवतात. भिंत धरा, तोंड पाण्यात घाला, फुंका. प्रत्येक बॅचच्या पहिल्या दिवशी मी आत असायचे, नव्या बायकांना लॉकरच्या चाव्या वाटत.

घरी पिंपात तोंड घालून फुंकायला लागले तर आई ओरडली, "प्यायचं पाणी आहे ते, तोंड काय घालतीस?" मग मी वेगळी बादली घेतली. रोज सकाळी शंभर वेळा फुंकर. वस्तीतली पोरं दारात उभी राहून बघायची. आणखी चार सोमवार गेले आणि मी टँकची पूर्ण लांबी पोहून परत आले. वॉचमनकाकांनी पाहिलं, आणि तोंड रस्त्याकडे करून बसले.

मी सरांना नाव दिलं. ते हसले. "तू? कुठे शिकलीस?"

"तुमच्याकडेच. बघून."

त्यांनी भिंतीवरचं बॅचचं वेळापत्रक पाहिलं. मग म्हणाले, "बरं. शनिवारी ये."

त्या शनिवारचं वर सांगितलंच.

मंगळवारी मॅनेजरांनी ऑफिसात बोलावलं. टाइप केलेला कागद पुढे केला. नियम मोडून पाण्यात उतरले, सभासदांची गैरसोय झाली, पुन्हा असे करणार नाही. "सही कर. विषय संपेल."

सर तिथेच फोनमध्ये बघत उभे होते. मी म्हणाले, "सर, तुम्हीच बोलावलं होतं ना शनिवारी?"

"मला त्यात ओढू नकोस," सर म्हणाले. मान वर केली नाही.

उद्या देते म्हणून मी कागद घरी आणला. आई म्हणाली, "कर सही. आपल्याला कोण विचारतंय?" जेवण गेलं नाही. मरावंसं वाटलं, खोटं कशाला सांगू. लोकांनी अपमान केला म्हणून नाही. पावडर मी टाकली म्हणून.

दुसऱ्या दिवशी अकराला पुन्हा ऑफिसात गेले. पेन हातात घेतलं. खिडकीतून टँक दिसत होता. लेडीज बॅच चालू होती. प्राध्यापिका बाई फळी धरून पाय मारत होत्या. गुडघ्यातून. सहा वर्षं त्या पाण्यात उतरतायत, आणि अजून गुडघ्यातून. पाणी खूप उडत होतं, बाई तिथेच होत्या. मला हसू आलं नाही. डोकं मात्र एकदम शांत झालं. मला पोहता येतं, हे त्या कागदावर कुठेच लिहिलं नव्हतं.

मी कागद उलटा केला आणि मागे लिहिलं. मी पंचवीस मीटर पोहले. मला मध्येच थांबवलं. कोणत्या नियमाने, ते लेखी द्यावे. माझी परीक्षा सर्वांसमोर पुन्हा घ्यावी. खाली सही केली, आडनावासकट, मोठ्या अक्षरात.

मॅनेजर म्हणाले, "नोकरी जाईल."

"पोच द्या," मी म्हणाले.

पोच दिली नाही. मी तोच मजकूर दुसऱ्या कागदावर लिहिला आणि पोस्टाने रजिस्टर पाठवला. तेव्हापासून मला सांगितलंय, कामावर येऊ नकोस, कळवू. काही कळवलेलं नाही. आई माझ्याशी बोलत नाही. घरात रोज एक डबा रिकामा होतोय, आणि माझ्याकडे दुसरं काम नाही. वॉचमनकाका म्हणतात, महापालिकेच्या तलावावर जा, तिथे कुणी काही विचारत नाही. सरावाला जाईन. परीक्षा तिथे देणार नाही.

परीक्षा मी याच टँकमध्ये देणार, याच बायकांसमोर. नाही म्हणायचं असेल तर त्यांनी लिहून नाही म्हणावं. कारण घालून. त्याखाली आपलं पूर्ण नाव लिहून. जे तोंडाने बोलत नाहीत ते एकदा कागदावर येऊ दे. तोवर रोज अकरा वाजता मी त्यांच्या गेटसमोर उभी असेन.