भिमाजीची मोटार आणि वराचा मामा

भिमाजी ड्रायव्हर निवांत बसलेला मी कधी पाहिला नाही. मोटार हाकताना बसायचा तेवढंच, तेही अर्धवट उठून. पायाला भिंगरीच! मोटार थांबली रे थांबली, की हा खाली उतरून भोवती फेऱ्या घालणार, टायर तापलाय का ते तळहातानं बघणार, नाक वर करून पेट्रोलचा वास घेणार. जवळ कुणी विडी काढली तर अंगावर धावून जाणार. आम्ही मोशीकर त्याला हसायचो. माझा मामा उद्धवराव तर तोंडावर म्हणायचा, "भिमाजी, मोटार हाय ती, बाळंतीण न्हाई!"

लढाईच्या दिवसांत तो देहूरोडला लष्कराच्या गाड्या चालवायला शिकला. पुढं लिलावातली एक जुनी मोटार घेऊन चाकणच्या बाजाराला माणसं नेऊ-आणू लागला. तिचा हातब्रेक नावालाच होता. म्हणून चढावर थांबला की मागच्या चाकाखाली मोठा दगड लावल्याशिवाय तो दुसऱ्या कशाला हात लावत नसे.

माझं लग्न छप्पन्न सालच्या वैशाखातलं. मुलगी चाकणची, मुहूर्त गोरज. वऱ्हाड सकाळीच बैलगाड्यांनी पुढं गेलं. मी, आई आणि मामा मागून भिमाजीच्या मोटारीनं निघालो. मी पिंपरीच्या नव्या कंपनीत लागलेला, तेव्हा भाचा मोटारीतूनच उतरला पाहिजे, ही मामाची हौस. इंद्रायणीचा पूल ओलांडला, चढ लागला आणि मोटारीच्या नाकातून वाफच वाफ!

पंख्याचा पट्टा तुटला होता.

"आरं, झाकण काढ, पाणी वत!" मामा ओरडला.

"तोंड भाजून घिऊ का? गार होऊ द्या आधी. मग दुसरा पट्टा, मग पाणी," भिमाजी म्हणाला.

"अरे बाबा, मुहूर्त टळेल!" मी.

"उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! उतर खाली."

त्यानं आम्हाला उतरवलं, चाकाला दगड लावला. बाभळीची फांदी तोडून मोटारीच्या मागं, बऱ्याच लांब रस्त्यावर टाकली, म्हणजे मागून येणाऱ्याला आधीच कळावं. मग म्हणाला, "समद्यांनी शेतात बाभळीखाली बसायचं. रस्त्यावर कुणी थांबायचं न्हाई."

आता बाभळीची सावली ती काय! आणि आम्ही पडलो शेतकरी. दुपारी बैल सोडले की गाडीखालीच भाकरी खायची, तिथंच आडवं व्हायचं, हे आज्या-पणज्यापासून चालत आलेलं. ऊन कललं होतं, मोटारीची गार सावली नेमकी रस्त्याच्या अंगाला पडली होती. मामा तिथं जाऊन उभा राहिला.

"उद्धवराव, हटा तितनं."

"वराचा मामा हाय मी. काट्यात बसू व्हय?"

"ट्रक आला तर मामा बघून थांबायचा न्हाई!"

झालं! मामाच्या नाकावर राग. "मी चाकणला येतच न्हाई, जावा तुमी." मामाशिवाय वर बोहल्यावर कसा चढणार? माझा जीव टांगणीला. सूर्य घसरतोय, पट्टा बसत नाहीये, आणि हा म्हातारा नुसता फुगलाय! अस्सा राग आला म्हणता! शेवटी आईनं पाण्याचा तांब्या उचलला आणि भावाची समजूत काढायला निघाली.

मामाला टेकायला काहीतरी हवं होतं. त्यानं इकडं तिकडं पाहिलं, चाकाखालचा दगड हिसडून बाहेर ओढला, उपरण्यानं झाडला आणि त्यावर बसला. बैलगाडी असती तर काहीच बिघडलं नसतं. बैल सोडले की तिचं जू जमिनीला टेकतं, ती कुठं जाणार?

मोटार मागं सरकू लागली. आई बरोबर तिच्या पाठीमागं आलेली. मी किंचाळलो, पण पाय जागचे हलले नाहीत. भिमाजी पट्टा टाकून धावला, दारातून हात घालून त्यानं स्टिअरिंग गरकन फिरवलं. मोटारीची मागची बाजू वळली आणि डाव्या दरडीवर धाडकन आदळली. आईच्या हातातला तांब्या उडाला. आई तशीच उभी, डोळे विस्फारून.

पुढचं चाक भिमाजीच्या पायावरून गेलं होतं. "काकी, लागलं का? कुणाला लागलं का?" एवढंच तो विचारत होता. मामाचा चेहरा पांढराफटक पडला होता.

पायाला ओलं फडकं गुंडाळून भिमाजीनं पट्टा बसवला. ब्रेक पुन्हापुन्हा दाबून पाहिला, पाय चालतोय याची खात्री केली. निघताना लंगडत जाऊन रस्त्यावरची फांदीसुद्धा उचलली. माझी तगमग चाललेली, पण त्याला घाई कर म्हणायची माझी छाती झाली नाही.

पोचलो तेव्हा गुरं घरी परतत होती. अंतरपाट धरला. भटजी म्हणाले, "वराचे मामा, मागे उभे राहा."

मामानं भिमाजीला दंडाला धरून पुढं आणलं. "ह्यो उभा ऱ्हाईल."

"न्हाई बा! मोटारीपाशी कुणी न्हाई, पोरं चढतील," भिमाजी म्हणाला. त्याची नजर सारखी बाहेर.

"मोटारीपाशी मी जातो. माझी भन आज..." मामा वळला आणि मांडवाबाहेर गेला.

मंगलाष्टका सुरू झाल्या. भिमाजी माझ्यामागं या पायावरून त्या पायावर होत होता. आई तोंडाला पदर लावून आत्ता कुठं रडत होती. माझ्या लग्नाला माझा सख्खा मामा मांडवात नव्हता, आणि आईला त्याचं जराही वाईट वाटलं नाही.