मावशींचा नकार

त्या वर्षी मी इस्रायलमधल्या अश्दोदमध्ये कोकणातून आलेल्या वयस्क ज्यू माणसांच्या मुलाखती घेत होते. देश बदलल्यावर माणसाच्या आठवणींचं काय होतं, हा माझ्या मानसशास्त्राच्या प्रबंधाचा विषय. पुण्याची, मराठी बोलणारी मुलगी म्हटल्यावर दारं सहज उघडत.

एका घरी आईच्या मुलाखतीसाठी मुलीनंच बोलावलं होतं. ती बंदराच्या ऑफिसात कामाला होती. संमतीपत्रावर आईच्या जागी तिनं आधीच सही केली होती. "ईमाला हिब्रू वाचता येत नाही," ती आईबद्दल हिब्रूतच म्हणाली. "तू सुरू कर."

आई, म्हणजे ज्यांना मी मावशी म्हणू लागले त्या, खिडकीपाशी मेथी निवडत होत्या. मी टेप बंदच ठेवला आणि त्यांना मराठीत सगळं सांगितलं: काय विचारणार, कोण ऐकणार, नाव कुठेही येणार नाही, आणि नको असेल तर नाही म्हणता येईल.

"नाय म्हटलं तर तुझं काय नुकसान?"

"काही नाही."

"मंग नाय."

मुलगी वैतागली. "मी रजा काढलीय. ती अशीच करते. विचारत राहा, बोलेल."

"त्या नाही म्हणाल्यात," मी म्हटलं आणि टेप पिशवीत टाकला. मला जराही चुटपुट लागली नाही. आई समोर धडधाकट बसलेली असताना तिच्या वतीनं मुलगी कशी हो म्हणणार?

मी उठले तशा मावशी म्हणाल्या, "कुठं चाललीस गो? चा पिऊन जा."

मुलगी चहा ठेवायला आत गेली. मी मेथी निवडायला बसले. जरा वेळानं मावशी आपणहून बोलू लागल्या. मुंबई सोडतानाचं सांगितलं, इथल्या पहिल्या वर्षाचं सांगितलं. मधेच थांबून म्हणाल्या, "हे लिवायचं नाय हां."

"नाही लिहिणार."

विद्यापीठातला एक सहकारी नंतर म्हणाला, "आठवतंय तेवढं लिहून काढ, नाव बदल." मी त्याला सांगितलं, शब्द दिलाय. माझ्या मार्गदर्शक बाईंनी दुसरं कुणी शोधायला सांगितलं आणि विषय संपला. मावशींचं बोलणं प्रबंधात नाही, इथंही नाही.

पुढे अश्दोदला गेले की मी त्यांच्याकडेच जेवायची. मुलगीही हळूहळू आमच्यात बसू लागली. आईच्या मराठीला ती उत्तर हिब्रूत द्यायची, पण उठून जायची नाही.