बहात्तरची सुकडी आणि पदराची गाठ

मंडळी, हाताला अजून गुळाचा वास येतोय, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही!

आज गावच्या दूध सोसायटीच्या आवारात आम्ही बहात्तरच्या दुष्काळातलं खडी फोडायचं काम जसंच्या तसं उभं केलं. हातोडे, पाट्या, नकली मुकादमसुद्धा! माझ्याकडे होती सुकडी, म्हणजे तेव्हा मजुरांना वाटायचे ते गूळ घातलेलं भाजकं पीठ. तीही अख्ख्या गावाला पुरेल एवढी!

पीठ भाजून भाजून खांदे भरून आले, पण रंग लई झकास आला. पोरांनी परत परत मागून घेतली.

त्या कामावर खरोखर राबलेल्या म्हाताऱ्यांपैकी मात्र एकीनंही ती तोंडात टाकली नाही.

शेजारच्या सरूमावशींना विचारलं, "मावशी, तुमी कावून खाईनात? बिघडली का?"

"बिघडंल कशाला? घरी लेकरं वाट बघत्यात ना!" म्हणत त्यांनी सुकडी पदरात बांधून गाठ मारली. बाकीच्या बायांचे पदरही तसेच बांधलेले!

मावशींचा धाकटा, साठीला टेकलेला, हसत पुढं आला आणि आईसमोर ओंजळ धरून उभा राहिला.

मी दुसरी कढई चढवली!

तुमच्याकडे पदराच्या गाठीतून काय यायचं हो?