तिजोरीबाईंचा रेंगाळणारा प्रिंटर

तिचं तिजोरी हे नाव मी ठेवलं. दुसरं कुणी ते श्रेय घेत फिरत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. तिचं छपाईचं दुकान माझ्या जिन्याला लागूनच होतं. आत संगणक, प्रिंटर, झेरॉक्सचं मशीन, बाइंडिंगचं यंत्र आणि ग्राहकांसाठी एक स्टूल. ग्राहकाला त्यावर बसायला क्वचितच मिळायचं, कारण बहुतेक वेळा तिथे मी असायचे.

अख्ख्या परिसराची अब्रू त्या दुकानात कागद होऊन बाहेर पडायची. राजीनामे, घटस्फोटाचे अर्ज, मृत्युपत्रांचे मसुदे, घर विकण्याचे करार. प्रिंटरमधून कागद पालथा पडतो, आणि तिजोरीने तो कधी सुलटा केला नाही. तसाच उचलायचा, कडा ठोकून सारख्या करायच्या आणि लिफाफ्यात सरकवायचा. मी मान लांब करून विचारायचे, "काय गं, बंगल्यातले दोघे भाऊ वेगळे होतायत म्हणे?" ती म्हणायची, "चहा घेणार?" संपला विषय. इतक्या वर्षांत मी तिच्याकडे पिंपभर चहा प्यायले असेन, पण बातमी एक मिळाली नाही.

नवरा लवकर गेला. या दुकानावर तिने मुलगी वाढवली, शिकवली, उजवली. जावई मिळाला तो दिसायला देखणा आणि बोलायला मऊसूत, संगणकाच्या कामातला. तिला तर स्वर्ग दोन बोटं उरला. जुना संगणक सारखा आजारी पडायचा, तेव्हा जावईबापूंनीच त्यावर लिनक्स घातलं. "आई, ही मोकळी सिस्टिम. जगभरची माणसं मिळून बनवतात आणि फुकट वाटतात. आत काय चाललंय ते कुणालाही उघडून बघता येतं."

"मला कशाला बघायचंय?" तिजोरी म्हणाली. "तुम्ही बसवलीय ना."

वर्षभर झकास चाललं. मग प्रिंटर रेंगाळायला लागला. आज्ञा दिली की हिरवा दिवा लुकलुकायचा आणि मशीन गप्प. ग्राहक घड्याळ बघायचा, तिजोरी ग्राहकाकडे बघायची आणि मी दोघांकडे. मग केव्हातरी मशीन घसा खाकरायचं आणि कागद ओढून घ्यायचं.

"हा आमच्या ह्यांच्यावर गेलाय," मी म्हटलं. "हाक ऐकू येते, पण उठायचं की नाही यावर विचार चालतो."

ती हसली नाही. तिने केबल बदलली, प्रिंटर बंद करून चालू केला, अडकलेली कामं रांगेतून पुसून टाकली, छपाईचा दर्जा उतरवून बघितला, प्रिंटरचा ड्रायव्हर काढून पुन्हा घातला. काही फरक नाही. संध्याकाळी तर त्याला जास्तच सुस्ती चढायची. जावईबापूंना फोन केला की ते म्हणायचे, "आई, मशीन म्हातारं झालंय. नवीन घ्या."

अशात एक दिवस नर्सबाई दुकानात आल्या. मागच्या चौकातल्या दवाखान्यात काम करणाऱ्या, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मला बघून एरवी त्या बाहेरूनच परतल्या असत्या, पण त्या दिवशी त्यांना माझीही पर्वा नव्हती.

"मी तुमच्याकडे घटस्फोटाचा अर्ज छापला," त्या तिजोरीला म्हणाल्या. "वकिलांकडे द्यायच्या आधीच नवऱ्याला कळलं. त्याने मुलाला उचलून आपल्या आईकडे नेऊन ठेवलंय. मला भेटू देत नाही. अर्जाचं मी सख्ख्या बहिणीलासुद्धा सांगितलं नव्हतं. तुमच्याशिवाय कुणाला माहीत होतं?"

तिजोरीने माझ्याकडे बघितलं. मी दोन्ही कानांना हात लावले. देवाशपथ, मला काही ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नसल्याचं मला वाईटही वाटलं, तो भाग वेगळा.

"मी वाचलासुद्धा नाही हो," तिजोरी म्हणाली.

"मग कागदाला पाय फुटले?" नर्सबाई म्हणाल्या आणि गेल्या.

त्या दिवसापासून तिजोरीचं जेवण सुटलं. दुकान गेलं असतं तरी तिने सोसलं असतं. पण लोक तिच्याकडे यायचे ते कागद काळा करून घ्यायला नाही, ती छपाई तर चौकातही स्वस्तात होते. लोक यायचे ते तिच्या मिटलेल्या तोंडाच्या भरवशावर. तोच भरवसा फुटला होता आणि कुठून फुटला ते तिला कळत नव्हतं. आठवणी काढू लागली तेव्हा बंगल्यातल्या थोरल्या भावाचंही आठवलं. त्याने विक्रीचा करार छापला, आणि घरी पोचेपर्यंत दलालांचे फोन सुरू झाले होते. तेव्हा तो हसून म्हणाला होता, "तुमच्या भिंतींना कान आहेत वाटतं." ते हसणं आता तिला टोचायला लागलं.

पण प्रिंटरचा आळस आणि फुटलेली बातमी ही दोन दुखणी एकच आहेत हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. ती प्रिंटरच्या मागे लागली ती केवळ हाताला काहीतरी काम हवं म्हणून. इंटरनेटवर लिनक्सवाल्यांचं एक चर्चापीठ असतं. कुणीही आपली अडचण लिहायची आणि जगाच्या कुठल्यातरी कोपऱ्यातला कुणीतरी उत्तर देतो. तिने मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं. उत्तर देणाऱ्याने स्वतःचं टोपणनाव ठेवलं होतं म्हातारा बोका. मला हा माणूस पाहताक्षणी आवडला, जरी तो दिसत नव्हता.

बोक्याने विचारलं, फोटोंनी भरलेलं पुस्तक हळू छापलं जातं की साधी एक ओळसुद्धा? तिने नुसतं "नमस्कार" छापून बघितलं. तितकाच वेळ. बोका म्हणाला, म्हणजे दोष कागदात नाही आणि प्रिंटरमध्येही नाही. काम वाटेत कुठेतरी थांबतंय. आता इंटरनेटची तार काढा आणि तीच ओळ पुन्हा छापा.

"याचं डोकं फिरलंय," मी म्हटलं. "प्रिंटर तुझ्या कोपराशी आहे. त्याला इंटरनेट कशाला लागतंय?"

तिने तार काढली. "नमस्कार" छापायला सांगितला. हिरवा दिवासुद्धा लागला नाही. आम्ही दोघी त्या मशीनकडे बघत बसलो. मेल्यासारखं गार. तिने तार परत खोचली, आणि थोड्या वेळाने आतून गुरगुर झाली आणि कागद बाहेर पडला. नमस्कार.

"अगं बाई," मी म्हटलं. मी स्टूल त्या मशीनजवळ ओढलं.

बोक्याने सांगितलं तशी तिने प्रिंटरची सेटिंग उघडली. तिथे प्रिंटरचा पत्ता लिहिलेला असतो. काम कुठे पाठवायचं, ते. टेबलावरून प्रिंटरला जाणाऱ्या तारेचा पत्ता असायला हवा होता. त्या जागी दुसऱ्याच एका संगणकाचं नाव होतं: टिकली.

टिकली तिची नात. मुलीची मुलगी, बालवाडीत जाणारी. ती जन्मली तेव्हा जावईबापूंनी घरातल्या संगणकाला तिचं नाव दिलं होतं आणि पेढ्यांबरोबर हेही सगळ्यांना कौतुकाने सांगितलं होतं.

मग सगळं उलगडलं. छापायला दिलेला प्रत्येक कागद आधी जावयाच्या घरी जायचा. तिथे त्याची नक्कल राहायची आणि मग तो कागद उलट्या पावली तिच्या टेबलावर यायचा. संध्याकाळी टिकली कार्टून बघत बसली की घरचं इंटरनेट तुंबायचं, आणि इकडे आजीचा प्रिंटर पेंगायचा. हे सगळं कधीपासून, तर जावईबापू एकदा "अपडेट करून देतो" म्हणून बसले होते तेव्हापासून. तिने त्या दिवशी त्यांच्यासाठी मुद्दाम शिरा केला होता.

बोक्याने विचारलं, अडचण सुटली का? तिने लिहिलं, सुटली, आभारी आहे. कोण कुठला माणूस, पण आभार मानताना तिला रडू आलं.

जावयाच्या घरी ती एकटी जात होती. मीच पाठीमागे लागले. ती नको म्हणाली नाही, तेव्हाच मला कळलं की प्रकरण किती खोल गेलंय.

"जावईबापू, माझ्या दुकानातले कागद तुमच्या घरी का येतात?"

त्याने पापणीही हलवली नाही. "बॅकअप असतो तो, आई. तुमच्याच सोयीसाठी."

"मी मागितला होता?"

"तुम्हाला त्यातलं कळलं नसतं."

"आता कळलंय. नर्सबाईंच्या नवऱ्याला कुणी सांगितलं?"

"तो माझा मित्र आहे," जावई म्हणाला. आवाजातला मऊपणा आता जरा उतरला होता. "रोज टेबल टेनिस खेळतो आम्ही. त्याचं घर मोडायला निघालंय आणि मी गप्प बसायचं?"

"आणि दलालांना?"

त्याने टेबलावरचा मोबाइल उचलला. बोलली ती मुलगी. स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हात पुसत. "आई, त्याला एकट्याला बोलू नकोस. ते कागद मीही वाचायचे. संध्याकाळी बसून वाचायचो आम्ही."

"तू?"

"हो, मी. लहानपणापासून बघतेय, सगळ्या जगाचं तुझ्या पोटात आणि घरात मात्र तू मुकी. बाबा आजारी होते तेव्हाही मला शेजाऱ्यांकडून कळलं. कधी काही बोललीस माझ्याशी? मग म्हटलं, निदान हे तरी कळू दे."

मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या भांडणात चवीने बसले आहे. त्या दिवशी मात्र मला त्या घरातून पळून जावंसं वाटलं. तिजोरीने मुलीकडे बघितलं, ते ओळखीच्या दारावर परक्याचं कुलूप दिसावं तसं. मग ती म्हणाली, "त्या बाईचं मूल हिरावलं गेलंय गं." आणि चपला घालून निघाली. टिकली आतून "आजी, आजी" करत धावत आली तेव्हा आम्ही जिन्यात होतो. ती थांबली नाही.

दुकानात येऊन तिने प्रिंटरचा पत्ता बदलला. टेबलावरची तार, बस्स. एक कागद छापून बघितला, तो सटकन आला. तिने तो चुरगाळून टोपलीत टाकला.

"आता गप्प राहा," मी म्हटलं, आणि हे माझ्या तोंडून निघालं यावर कुणाचा विश्वास बसणार नाही. "दोष निघालाय. पोरीचा संसार आहे, नात आहे. कुणाला सांगून काय मिळणार?"

"नर्सबाईंना कोर्टात सांगावं लागेल, कागद कसा फुटला ते," ती म्हणाली. "तेव्हा नाव माझं घ्यायचं की त्याचं, हे त्यांना माहीत असायला हवं."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दवाखान्यात गेलो. नर्सबाई इंजेक्शनचा ट्रे घेऊन वॉर्डातून बाहेर येत होत्या. तिजोरीने तिथेच, भिंतीला टेकून, सगळं सांगितलं. जावयाचं सांगितलं, आणि थांबून मुलीचंही. वकिलांना गरज पडली तर लिहून देईन, कोर्टात उभी राहीन, म्हणाली.

नर्सबाईंनी शेवटपर्यंत ऐकलं. "लिहून द्या," त्या म्हणाल्या. "मला लागेल ते."

"देते. आजच."

"पण एक सांगू? तुम्ही म्हणता जावयाने केलं. मी जावयाकडे गेले नव्हते. मी तुमच्याकडे आले होते." आणि ट्रे घेऊन त्या पुढच्या खोलीत गेल्या.

आम्ही परतलो. दुकान उघडून ती संगणकापुढे बसली आणि लिहायला लागली. "मी, खाली सही करणारी," इथपर्यंत झालं आणि टेबलावरचा फोन वाजला. मुलीचा होता. वाजून वाजून थांबला, मग पुन्हा वाजायला लागला.

"उचल," मी म्हटलं.

"उचलते," ती म्हणाली. "आधी हे होऊ दे." आणि पुढच्या ओळीत तिने जावयाचं पूर्ण नाव लिहिलं, आणि त्याच्या खाली मुलीचं.