सदऱ्याची खुंटी

वडनेरहून हिंगणघाटकडे निघालं की डाव्या हाताला, कपाशीच्या वावरात, लोखंडी मनोऱ्यावर एक चाक फिरताना दिसे. एस.टी.चे कंडक्टर त्या थांब्याला ‘पंखा’ म्हणत. पंख्याखालच्या एका खोलीत जयवंताबाई राहत.

ही पवनचक्की त्यांच्या सासऱ्यांची, महादेवरावांची. एका बंद पडलेल्या जिनिंग कारखान्यातून त्यांनी ती तीन बैलबंड्यांवर लादून आणली आणि विहिरीवर उभी केली. वारा आला की टाकं भरे. बाहत्तर साली महादेवराव गेले, तेव्हा त्यांच्या थोरल्या मुलानं, जयवंताबाईंच्या नवऱ्यानं, रूपरावानं, चाक थांबवलं. घर सुतकात असताना त्यानं तरी काऊन फिरावं, एवढंच तो म्हणाला. तेरावं झाल्यावर चाक पुन्हा सुटलं.

त्यानं ते कसं थांबवलं, हे जयवंताबाईंनी पाहिलं नव्हतं. चक्की माणसांचं काम. बायांनी टाक्यावर कपडे धुवावेत. शिदोरी घेऊन गेलं की रूपराव ग्रीस लावायला वर चढलेला असे आणि त्याचा सदरा मनोऱ्याच्या पायाशी, छातीएवढ्या उंचीवरच्या एका लोखंडी खुंटीला लटकत असे. शिदोरी तिथंच टांगून त्या परत फिरत. नवऱ्याशी बोलणं बहुतेक वेळा असं खालून वर, ओरडूनच व्हायचं.

एकोणऐंशीच्या वैशाखात रूपराव गेला. मूलबाळ नव्हतं. हिंगणघाटला कारकून असलेला धाकटा दीर बंडूजी आला, त्यानं सगळं रीतीनं केलं. तिसऱ्या दिवशी राख सावडून आल्यावर त्यानं चाकाकडे मान वर केली.

“वयनी, हे तर फिरूनच राह्यलं. थांबवाचं कसं?”

“मले काय मालूम? तुमी माणसं ना.”

“मी त कधी चढलोच नाई.”

मग जयवंताबाई चढल्या. शेजारची शकुबाई तोंडाला पदर लावून पाहत राहिली. वारा जवळजवळ पडला होता, चाक रेंगाळत होतं. त्यांनी बैलाचा दोर पात्यातून ओवला, मनोऱ्याच्या खांबाला आवळून बांधला आणि खाली आल्या. चाक थांबलं. सासऱ्यांच्या सुतकानंतर पहिल्यांदाच वावरात काहीच वाजत नव्हतं.

नवव्या दिवशी दुपारी वादळ आलं. बांधलेलं चाक वाऱ्यापुढे छाती काढून उभं राहिलं, त्याला हलताच येईना. तीन पाती उडून रिकाम्या वावरात पडली, पाच दुमडली.

“भंगारात देऊन टाकू,” तेराव्याला बंडूजी म्हणाला. “लाईन आलीच हाय रोडवर. मोटर बसवतो.”

“दिवाळीपावतर थांबा.”

“अन् दिवाळीले टाकं कोरडं दिसलं त?”

“मंग न्या उचलून. मी नाई म्हणणार नाई.”

बंडूजी हसला. “वयनी, तुमी पण भाईसारख्याच. त्या लोखंडापायी त्यानं कधी माहेरी तरी नेलं का तुमाले?”

नेलं नव्हतं.

त्यांनी चाकाचा दोर सोडला आणि वडनेरच्या लोहाराकडून जुन्या पिंपाच्या पत्र्याची पाती ठोकून आणली. ती बसवायला चढताना एके सकाळी पाय घसरला. हाताला आली ती सदऱ्याची खुंटी. तिला लटकल्या, तर खुंटी करकरत खाली आली. खांबाच्या आतल्या बाजूनं एक तार ताणली गेली, वर चाकाची शेपटी हळूच दुमडली, आणि अख्खं चाक वाऱ्याकडे पाठ वळवावी तसं आडवं होऊन निवांत उभं राहिलं.

जयवंताबाई तिथंच मातीत बसल्या. एवढंच होतं तर. कुणी चढायचंही नव्हतं. अठरा वर्षं त्या खुंटीला त्यांनी शिदोरी टांगली होती. त्यानं एकदा म्हणायचं होतं, हे खाली ओढ, बस. त्या दिवशी त्यांना पहिल्यांदा खरं रडू आलं. ते गेलेल्याचं होतं की न सांगितलेल्याचं, हे त्यांनाही कळलं नाही.

दिवाळीला टाकं काठोकाठ भरलेलं होतं. बंडूजीनं त्यात हात बुडवला आणि भंगाराचं नाव पुन्हा काढलं नाही. पुढे त्यानं आपल्या वाट्यात विहीर खणून मोटर बसवली. मग त्याला या टाक्याशी काम उरलं नाही. येणं सणावारावर आलं, नंतर तेही कमी झालं. चक्की राहिली, आणि तिच्यासोबत जयवंताबाई राहिल्या. पत्र्याच्या पात्यांमुळं चाक दर फेऱ्याला एकदा अडखळे. झोपेतही त्यांना तो अडखळा ओळखीचा झाला होता.

सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात त्यांनी एस.टी.च्या कंडक्टरबरोबर निरोप धाडला. बंडूजी धापा टाकत आला.

“काय झालं वयनी? तब्येत?”

“तब्येत बरी हाय. हे धरा.” त्यांनी त्याचा हात खुंटीवर ठेवला. “वढा खाली.”

त्यानं ओढली. शेपटी दुमडली, चाक थांबलं. बंडूजी तोंड उघडून वर पाहत राहिला.

“एवढंच? अन् तुमी त्या दिवशी वर चढल्या?”

“कोणी सांगतलं नवतं.”

“मले काऊन दाखवून राह्यल्या? कुठं चालल्या काय?”

“आज नाई. पण माह्या टायमाले दोर नोका बांधू. हे वढजा. अन् तेराव्याले याद करून सोडजा.”

बंडूजीनं मान हलवली. मग त्यानं घामानं ओली झालेली टोपी काढून खुंटीला टांगली. जयवंताबाईंनी ती काढून त्याच्या हातात दिली.

“तिथं नोका टांगू, भाऊजी.”

त्यानं खुंटी वर सोडली. चाक फिरलं, अडखळलं, फिरलं. पाचच्या गाडीनं तो गेला. जयवंताबाई टाक्याच्या कडेवर बसून राहिल्या, टाक्यात परत पाणी पडायला लागेपर्यंत.