कुऱ्हाड दूर ठेवणारा माणूस

इस्लापूरच्या जंगलात मी वाट चुकलो होतो. कुऱ्हाड खांद्यावर टाकलेला एक म्हातारा अगदी जवळ येऊन म्हणाला, "सडक उत्तरेला हाय, हिकडं."

माझ्या होकायंत्राचा काटा मात्र उत्तर भलतीकडेच दाखवत होता. एवढं दणकट, महागाचं यंत्र चुकेल कसं? मला त्या माणसाचीच भीती वाटली. मी मागे सरकलो.

त्यानं आधी काट्याकडे पाहिलं, मग माझ्या चेहऱ्याकडे. वीस पावलं जाऊन कुऱ्हाड दगडावर ठेवली आणि रिकाम्या हातानं परतला.

काटा हळूच वळून त्यानं दाखवलेल्या दिशेला थांबला.

"लोखंडानं फिरला असंल," तो म्हणाला. त्याची नजर माझ्यामागच्या एका झुडपावरून हलत नव्हती. "पटलं ना? मग कुऱ्हाड आणू द्या साहेब. अस्वलीण पिलं घेऊन हितंच फिरून राहिली."